एकावर एक फुकट

मी, लिफ्टवाले या नावाने ओळखला जाणारा, वय ५२ वर्षे, धंदा लिफ्ट दुरुस्ती, राहणार बाजारामागची गल्ली, तिसरा मजला (लिफ्ट नाही), समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी व माझी पत्नी राहतो. ती चष्म्याच्या दुकानात हिशेब पाहते. तिचा दुपारचा डबा रोज मी करतो. मंगळवारी केला नाही. कारण घरगुती आहे. आमचं बोलणं बंद होतं, एवढंच लिहावं.

म्हणून तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून अंड्याचं सँडविच घेऊन खाल्लं. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. आज शुक्रवार, ती अजून दवाखान्यात असून सलाईन चालू आहे. डॉक्टर म्हणतात, शिळं अन्न. दुकानदार म्हणतो, "आमचा माल ताजाच. तुमच्या घरचंच काही बाधलं असेल."

दुकानदाराच्या खरेपणाबद्दल माझी तक्रार नाही. पाकिटावर 'आज बनवलेले' असं ठळक छापलेलं आहे. तारीख नाही, त्यामुळे ते कधीही वाचलं तरी खरंच ठरतं. वरून पुठ्ठा, आत प्लॅस्टिक, त्याच्या आत आणखी प्लॅस्टिक. एवढा बंदोबस्त मंत्र्यालाही मिळत नाही.

त्या दिवशी दुकानात एकावर एक फुकट होतं. दुसरं पाकीट काल तिच्या पर्समध्ये न उघडलेलं सापडलं. दोन दिवस पर्समध्ये राहूनही आतला माल माझ्यापेक्षा टवटवीत दिसत होता. हाच एक पुरावा असून तो हवालदारसाहेबांच्या टेबलावर ठेवला आहे.

यापुढचं अक्षर वेगळं आहे, कारण यापुढचा जबाब ठाण्यातल्या पोलीस मॅडम लिहून घेत आहेत.

हवालदारसाहेबांनी मला दवाखान्याच्या कागदांची झेरॉक्स आणायला पाठवलं. परत आलो तर टेबलावर पुठ्ठा, प्लॅस्टिक व कात्री होती आणि साहेब तोंड पुसत होते. तक्रारदाराने टेबलावर ठेवलेलं खाणं हे साहेबांसाठीच असतं, ही इथली पद्धत मला माहीत नव्हती. मी म्हणालो, "साहेब, तो पुरावा होता." ते म्हणाले, "अहो, आजचं आहे असं लिहिलंय त्यावर! मला काय स्वप्न पडणार होतं?"

नंतर साहेब दोनदा संडासाकडे जाऊन आले. तिसऱ्यांदा त्यांना धरून आणावं लागलं. आता ते माझ्या पत्नीच्याच दवाखान्यात आहेत. मॅडम म्हणतात, "काका, काळजी करू नका. आता दुकानदाराची खैर नाही."

साहेबांवर माझा राग नाही. पण ते पाकीट माझं होतं. काल मी पत्नीला विचारलं, दोन कशाला घेतलीस? ती पडल्या पडल्या म्हणाली, "तुम्ही रागाच्या भरात स्वतःसाठीही काही केलं नसणार, माहीत होतं मला." मी खरंच काही केलं नव्हतं. मला ती घरी हवी आहे, बाकी काही नको.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. पत्नीचं वाक्य मी पुन्हा एकदा वाचायला लावलं. तेही बरोबर आहे.