वरातीची जीप

उल्हासनगरच्या गॅरेजात माझा नंबर लागेपर्यंत शेजारच्या बाप-लेकीचं बोलणं फुकटात ऐकायला मिळालं.

“प्रीती, बॉनेट कापायचं म्हणजे माझ्या काळजावर करवत गं.”

“पप्पा, राजरत्नदादाच्या वरातीत ही जीप बँडमागे रांगून रांगून उकळली. नवरदेव हॉलवर चालत गेला! माझ्या लग्नात मी स्वतः चालवणार. बॉनेट कापून हवेच्या जाळ्या बसल्या की इंजिनची गरमी वरून निघेल.”

“पण बॉनेटवर घालायला मी फुलांची चादर सांगून आलोय.”

“अहो, मग जाळ्या बुजतील ना!”

“मग एवढ्या फुलांचं करू काय?”

“तुम्ही माझ्या शेजारी बसा. तुमच्यावर टाकू.”

“...मिस्त्री, ग्राइंडर काढा. जाळ्या सरळ लावा हां, फोटोत येणार आहेत.”