बोलावणं नसलेला पाहुणा

देसांका : हात लावू नकोस त्याला! पडद्यावर गोल गोल काय फिरतंय ते?

ओग्न्येन : फिरू दे, मावशी. नवं सॉफ्टवेअर भरतंय.

देसांका : आणि नाही भरलं तर? तुझे काका आत झोपलेत. साखर उतरली तर त्यांना स्वतःला कळत नाही. दंडावरच्या सेन्सरवरून हा फोन केकाटतो, तेव्हा मी रस घेऊन धावते.

ओग्न्येन : सकाळपासून मुकाच होता की. साखरेचं ॲप म्हणालं ना, एवढ्या जुन्या फोनवर चालणार नाही म्हणून?

देसांका : वर्षभर वाट बघितली. कंपनी म्हणे अपडेट येईल. आता म्हणते, नवा फोन घ्या.

ओग्न्येन : तिनं हात झटकले. पण फोनच्या आतलं सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं आहे, कुणीही सुधारून वाटावं. पोर्तुगालमधल्या एकानं याच फोनसाठी सुधारलंय. फुकट.

देसांका : फुकट ते पौष्टिक म्हणून विष खायचं का?

ओग्न्येन : उद्या तुझ्या घरची स्लावा, कुळाच्या संताचा सण. बोलावणं नसताना अख्खी गल्ली जेवून जाते. तू पैसे घेतेस?

देसांका : मी सकाळपासून मासे तळतेय म्हणून जेवतात! मी आडवी झाले तर? दार उघडं आणि चूल थंड.

(ओग्न्येन स्वतःच्या फोनवर खाली सरकवत वाचू लागतो.)

देसांका : काय वाचतोयस?

ओग्न्येन : त्या पोर्तुगालवाल्यानं खाली लिहिलंय. आईच्या फोनसाठी करत होता. आई गेली. आता हे शेवटचं, म्हणतो.

देसांका : अरे देवा! थांब, आत बघून येते.

ओग्न्येन : काय गं?

देसांका : कपाळ कोरडं आहे. शांत झोपलेत. पण जीव थाऱ्यावर नाही रे माझा. झालं का?

ओग्न्येन : सुरू झाला! ॲपही उघडलं. बँकेचं मात्र बहुतेक चालणार नाही.

देसांका : खड्ड्यात गेली बँक!

(फोन कर्कश वाजू लागतो.)

ओग्न्येन : मावशी, रस! पळ!

राडोये (आतून, अंथरुणातून) : काय कल्ला आहे? कोण आलंय?

देसांका : पोर्तुगालचा पाहुणा. उठा, प्या आधी. ओठ बघा कसे पांढरे पडलेत!

राडोये : स्लावा तर उद्या आहे...

देसांका : प्या म्हणते ना!

ओग्न्येन : आकडा थांबला. आता चढतोय, मावशी. बस जरा.

देसांका : त्या मुलाला लिही.

ओग्न्येन : काय, आभार?

देसांका : लिही, स्लावेला आम्ही कुणाला बोलावत नाही, पण तुला बोलावतेय. आणि विचार त्याला, वेळेवर जेवतोस ना.