पाचोळा आणि झाडू

आमच्या गणपतरावांची ही हकीकत चहा संपण्याआधी ऐकून घ्या. गिरणी बंद पडली आणि त्यांचे हात रिकामे झाले. त्याच सुमारास इंदूरजवळच्या एका दरीसाठी वनखाते, आसपासची गावे आणि त्याच दरीतले आमचे महादेवाचे देवस्थान यांनी मिळून ठरवले, की गुरे आणि कुऱ्हाड दूर ठेवून सारी दरी पुन्हा जंगलाच्या स्वाधीन करायची. राखणदार म्हणून गणपतरावांची नेमणूक झाली.

मी, तिथला पुजारी, त्यांना म्हटले, "आता निवांत नामस्मरण करा."

"अण्णा, नाम जिभेला पुरतं. हातांना काय देऊ?"

पुढल्या सोमवारी अभिषेकाला गेलो, तर झाडांखालची जमीन देवघरासारखी लख्ख झाडलेली. पाठोपाठ वनखात्याचे साहेब आले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "दादा, या पाचोळ्यातच बी रुजतं. असंच झाडत राहिलात तर मला दुसरा माणूस ठेवावा लागेल."

"मग मी करू काय?"

"काहीच नाही. नुसते बसा."

गणपतराव आपल्या इंदुरी बोलीत म्हणाले, "भिया, हेच सांगून गिरणीनं घरी पाठवलं होतं."

मग साहेबांनी देवळापुढचे अंगण तेवढे झाडायला नेमून दिले. तेव्हापासून मी पिंडीवर बेल वाहतो, तेव्हा गणपतराव झाडू घेऊन, एखादे पान खाली पडायची वाट पाहत माझ्या मागे उभे असतात.