पन्नासची रेघ

मला ऑटोकॅड चांगलं येतं असं कोणी म्हणालं की माझी मान खाली जाते. का, ते ऐका.

डिप्लोमाला होतो. कॉम्प्युटरवर ऑटोकॅडमध्ये यंत्राच्या एका पार्टचं ड्रॉइंग काढायचं होतं. दोघांत एक कॉम्प्युटर, तास संपत आलेला, आणि एक रेघ पन्नास मिलिमीटरऐवजी अठ्ठेचाळीस आली. सुधारायची तर तिला जोडलेलं अर्धं ड्रॉइंग पुन्हा काढावं लागलं असतं. मी रेघ तशीच ठेवली आणि शेजारी आकडा पन्नास टाइप केला. आमचे गुजराती सर "बहु सरस" म्हणाले आणि प्रिंटवर वीसपैकी एकोणीस लिहिले.

बाबा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मी ऐटीत ती खऱ्या मापाची प्रिंट त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सवयीने पट्टी लावली.

"अठ्ठेचाळीस भरतंय रे."

"प्रिंटरवर रेघ जरा आखडते, बाबा."

त्यांनी दुसऱ्या रेघेला पट्टी लावली, मग तिसऱ्या.

"बाकीच्या बऱ्या नाही आखडल्या."

तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "किती मिळाले त्याला?"

पट्टी खिशात ठेवत बाबा म्हणाले, "एकोणीस लिहिलेत."