जाळीतला पाला

कानाच्या डॉक्टरांकडे ताटकळलेल्या शिंप्याच्या कानावर समोरच्या दोघींचं बोलणं पडत होतं. एकीचा नवरा शेजारीच छताकडे बघत बसला होता.

“ओढ्यावरचं वीजघर हेच चालवतात. जाळीत पाला अडकला की यंत्राचा आवाज बदलतो. लगेच जाऊन पाला काढायचा, नाहीतर सगळ्या वस्तीचे दिवे जातात.”

“आणि आता यांना ऐकू येईना?”

“छे! यांचे कान जाऊन तीन वर्षं झाली.”

“अगं बाई! मग इतके दिवस निभावलं कसं?”

“घर लागूनच आहे. काम करता करता मी ऐकते, आवाज बदलला की यांना पिटाळते. कुणाला थांगपत्ता लागू दिला नाही.”

“मग आजच का आलात?”

“परवा दिवे गेले. मी ओट्यापाशीच होते हो, पण मला काहीच कळलं नाही.”