पुस्तकातलं पेरूचं झाड

सिनेमा सुटल्यावर नाशिक रोडच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक चाळिशीतलं जोडपं उभं होतं. नवऱ्याचे डोळे अजून लाल होते.

“पेपरात छापून आलंय, सिनेमा रडका आहे, पण कादंबरीला अगदी धरून आहे. धरून? यांनी तर वासंतीला मारूनच टाकलं!”

“असू द्या हो.”

“असू द्या काय? मी दवाखान्यात होतो तेव्हा तूच सबंध पुस्तक वाचून दाखवलंस ना? त्यात ती बरी होऊन घरी येते. उद्याच संपादकांना पत्र टाकतो.”

“नका टाकू.”

“का?”

“पुस्तकातही ती मरतेच.”

“मग तू काय वाचलंस?”

“दुसऱ्या दिवशी तुमचं ऑपरेशन होतं. शेवटची पानं मी मनानंच सांगितली.”

“आणि घरी आल्यावर ती अंगणात पेरू लावते, ते?”

“तेही माझंच.”

“अगं, तिचं ऐकून तर मी क्वार्टरच्या दारात पेरू लावला!”

“रोज सकाळी आधी त्याला पाणी घालायचात, मग चहा प्यायचात. कोणत्या तोंडानं सांगणार होते?”