जनेलं नसलेला कॉम्प्युटर

नाही, पण तुम्हीच सांगा, स्वतःच्या घरात, स्वतःच्या सालीत... साल म्हणजे आमची पुढची खोली हो, पाहुण्यांना बसवायची... तिथे सोफ्यावर बूड टेकायचं तर घरच्या बाईनं परवानगी मागायची? आणि मागायची कोणाकडे, तर दुसरीतल्या पोरीकडे! माझी सख्खी नात, गौरवी, मान वर न करता मला सांगते, "आजी, थंय नाका, थंय मॉनिटर सुकत घातलाय!" सुकत! अहो, मार्च महिन्यात आमच्याकडे सुकत घालतात त्या काजूच्या बिया. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्याच घालतेय. आता बिया गेल्या न्हाणीच्या मागे, आणि सोफ्यावर कोण उन्हं खातंय, तर मॉनिटर! का, तर कोणीतरी, नाव घेत नाही, नवरा आहे, तो ओल्या फडक्यानं खसाखसा पुसला म्हणून. आणि म्हणे फुकट!

तर हे नाव न घेतलेले गृहस्थ म्हणजे कृष्णनाथभाऊ. पेडण्याहून आमच्या गावात येताना रिक्षावाल्याला नुसतं "भाऊंकडे" म्हटलंत तरी तो दारात आणून सोडेल. वीज खात्यातून रिटायर झालेत. आता वीज खातं म्हटल्यावर तुम्हाला वाटेल माणसाला विजेचं काही कळत असेल... छे! उभा जन्म बिलं लिहिली. घरी फ्यूज उडाला तर हे टॉर्च धरतात आणि मी विठ्ठलला फोन लावते. विठ्ठल म्हणजे गावातला वायरमन. अशा माणसानं, तुम्हाला सांगते, अशा माणसानं गावच्या शाळेत कॉम्प्युटर आणायचं मनात घेतलं!

आता ह्यांचा शाळेशी संबंध काय? तर आमचा दीपक बोटीवर, सहा-सहा महिने घरी नाही. सूनबाई सुप्रिया मोपाच्या विमानतळावर काउंटरला, तिच्या शिफ्टला ना धड सकाळ ना धड संध्याकाळ. म्हणून सरकारी शाळेत गौरवीचे पालक म्हणून सभेला जायचे हे. पहिल्या सभेला गेले, दुसऱ्या सभेला गेले, तिसऱ्या सभेहून आले ते पालक-शिक्षक संघाचे अध्यक्ष होऊन! मी म्हटलं, अहो कोणी निवडून दिलं? म्हणाले, "बाकीचे कोण येवंकच नाहीत गो."

शाळेतली श्रद्धा टीचर पोरगी मोठी गोड. आणि गोड माणसं फार महाग पडतात, हे माझ्याकडून लिहून घ्या. ती म्हणाली, "भाऊ, पणजीच्या एका ऑफिसातले जुने कॉम्प्युटर टाकून देतायत. त्यांनी द्यायचं कबूल केलंय. त्यांच्यात आपण फुकटचं सॉफ्टवेअर घालू, लिनक्स. जुन्या मशीनवर पण छान चालतं, मराठीतसुद्धा चालतं." झालं! फुकट हा शब्द ह्यांच्या कानात गेला आणि तिथेच घर बांधून राहिला. टेम्पोतून सहा कॉम्प्युटर आले. शाळेत ठेवायचे ना? तर नेमकं शाळेचं छप्पर दुरुस्तीला काढलेलं! नळे, म्हणजे कौलं, खाली, वासे उघडे. पहिली ते चौथी सगळी पोरं देवळाच्या मंडपात. "चारच दिवस गो विमल," हे म्हणाले, "आपल्या सालीत ठेवूया." सरकारी कामाचे चार दिवस!

मग घरात एक-एक सुरू झालं. वीज गेली की सहाही पेट्या एकदम इन्व्हर्टरवर, आणि इन्व्हर्टर असा कण्हायचा, असा कण्हायचा, की मला वाटलं मागच्या दारी म्हैस व्यायलीय. बिचारा गुढीपाडव्याच्या आधीच मेला. नवा आणला. पेट्यांत तांबड्या मुंग्यांनी घर केलं. माउसची वायर उंदराने खाल्ली. म्हणजे उंदरानं उंदराचं शेपूट खाल्लं! मी हसले तर ह्यांना राग! शाळा सुटली की सगळी पोरं आमच्याकडे, आणि श्रद्धा टीचरही, ह्यांना लिनक्स घालायला शिकवत. छपराच्या कामावर बेळगावकडून आलेलं एक जोडपं होतं, त्यांची संजनासुद्धा. ती शाळेत नव्यानंच घातलेली, कोणाशी बोलत नव्हती, पण कॉम्प्युटरवर तिने काढलेलं कोंबडं बघितलंत तर म्हणाल आता आरवतंय. आणि एवढ्या पोरांना रिकाम्या पोटी कसं बसवणार? पोदेराला, पाववाल्याला हो, सांगितलं, बाबा, उद्यापासून पाव दुप्पट टाक. चहा, पाव, बिस्किटं... आणि म्हणे फुकट!

पण खरं दुखणं वेगळंच होतं. एक दिवस जेवताना सुप्रिया म्हणाली, "बाबा, मी म्हापशाच्या शाळेत चौकशी केलीय. गौरवीला जूनपासून तिथे घालावं म्हणते. इंग्लिश मीडियम, एसी कॉम्प्युटर लॅब आहे."

सून माझी वाईट नाही हो, अजिबात नाही. तिनं कारणही सांगितलं. म्हणाली, "मी पहिल्या इंटरव्ह्यूला गेले ना, मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि नाव टाइप कर म्हणाले. कॉलेज संपेपर्यंत मी कधी त्याला हात लावला नव्हता. माझे हात असे थरथरले... माझंच नाव, आणि मला त्यातलं एक अक्षर सापडेना. माझ्या पोरीचं तसं नको व्हायला."

हे म्हणाले, "बरं." एवढंच. ताटात भात तसाच. उठले, हात धुतले, आणि सालीत जाऊन फडक्यानं मॉनिटर पुसत बसले. ओल्या फडक्यानं! मी अडवलं नाही. मला कळलं होतं ना... शाळेत पोरं ती किती, हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी. अध्यक्षाचीच नात गेली की बाकीच्यांची रांग लागणार, आणि छप्पर नवं होईपर्यंत त्याखाली बसायला पोर उरणार नाही. आणि ही पोर रोज ह्यांच्या बोटाला धरून शाळेत जाते, ते वेगळंच. पण "नको नेऊ" म्हणून एक शब्द सुनेला बोलले असतील तर शपथ!

त्यात पुढच्याच रविवारी पालकांची सभा. कुठे? आमच्या सालीत, दुसरीकडे कुठे! घरातल्या कदेली, म्हणजे खुर्च्या, पुरेनात, शेजारच्या आणल्या. विठ्ठल वायरमन पुढेच बसलेला, त्याचा मुलगा तिसरीत. तो म्हणतो, "भाऊ, सगळा बरा आसा, पण ह्याच्यात विंडोज आसा काय?"

हे म्हणाले, "ना."

"मगे? विंडोज नाय तर कसलो कॉम्प्युटर?"

मी आतून चहा घेऊन येत होते. विंडोज म्हणजे खिडक्या, एवढं इंग्रजी मलाही येतं, आणि खिडकीला आम्ही म्हणतो जनेल. मला वाटलं ह्याला उकडतंय. म्हटलं, "अरे विठ्ठल, जनेलं कशाला नाहीत? दोन तुझ्या डोक्यामागेच आहेत, उघड हवी तर!"

अशी हसली माणसं, अशी हसली... ट्रे हातात घेऊन मी उभी, आणि काय झालं ते मला कोणी सांगेना! शेवटी श्रद्धा टीचर डोळे पुसत उठली. म्हणाली, "असं बघा, हे फुकट आहे म्हणून वाईट नाही. हे सगळ्यांचं आहे. आता आपलं खतखतं घ्या, सगळ्या भाज्या घालून करतो ते. कोणी शोधलं? माहीत नाही. कोणीही करावं, कोणी त्यात नीरफणस घालावा, कोणी मुळा घालावा, बरं झालं तर शेजारणीला कृती सांगावी. हे तसं आहे. पण काही जण कृती कुलपात ठेवतात, नुसतं वाटीभर विकत देतात. हो की नाही, विमलकाकी?"

मी म्हटलं, "बाय, माझ्या खतखत्यात तिरफळं किती आणि ती कधी घालायची, हे मी सख्ख्या जावेला सांगितलेलं नाही!"

"मग काकी," ती म्हणाली, "तुम्ही विंडोज!"

पुन्हा हसली सगळी. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण? आमचे हे! तोंड उघडून! माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन... आणि म्हणे फुकट!

हसू ओसरल्यावर विठ्ठलने मात्र नेमका खिळा ठोकला. "भाऊ, तुमची गौरवी म्हापशाक जातली असा ऐकलंय. मग आमी कित्याक रवाचा?"

म्हणजे, आम्ही तरी ह्या शाळेत का राहायचं? रविवार म्हणून सुप्रिया घरीच होती, स्वयंपाकघराच्या दारात उभी. हे उठले. सभेत बोलायला उभे राहिले की ह्यांना आधी खोकला येतो, तो पण आला नाही. म्हणाले, "जाईल कदाचित. तिच्या आईनं ठरवायचं, आणि तिची आई जे ठरवील ते विचार करून ठरवील. मी आडवा येणार नाही. पण ज्यांना म्हापसा परवडत नाही त्यांची पोरं आहेत, संजनासारखी आहेत. माझी नात गेली तरी हे कॉम्प्युटर शाळेत लागणार आणि मी रोज येणार."

बसले. विठ्ठल उठला आणि पंख्याखालचा सैल झालेला प्लग घट्ट करायला लागला, उगाचच.

दोन दिवसांनी आम्ही तिघी म्हापशाला. मला का नेलं? तर गौरवी मुलाखतीला एकटी आत जाईना म्हणून. शाळा काय सांगू तुम्हाला, फरशी अशी की मी पदर सावरून चालले. आणि ती कॉम्प्युटर लॅब! बाहेर चपला काढायच्या, देवळात जाताना काढतात तशा. आत गार. ओळीत नवे कोरे कॉम्प्युटर, सगळ्यांवर मखमली झाकणं. आणि पोरं? पोरं जमिनीवर, मांडी घालून! वहीत कॉम्प्युटरचं चित्र काढून त्याला रंग देत होती.

सुप्रियाने विचारलं, "मॅडम, मुलांना ह्यांच्यावर काम कधी करायला मिळतं?"

"पाचवीपासून," त्या बाई गोड आवाजात म्हणाल्या. "यू नो, लहान मुलं हात लावतात, बिघडवतात. खूप कॉस्टली आहेत ना."

तोपर्यंत आमच्या बाईसाहेबांनी एक झाकण वर केलेलं! "नो टचिंग!" बाईंचा आवाज एकदम पत्र्यासारखा. गौरवीने हात मागे घेतला, पण तोंड कोण आवरणार? म्हणते, "टीचर, मोडला तर मोडूं दी. आमचो आजो परत लिनक्स घालता. आमच्या घरी सगळी हात लावतात."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी सुप्रियाकडे बघितलं. ती पोरीकडे बघतच नव्हती. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती.

परतीच्या बसमध्ये गौरवी माझ्या मांडीवर झोपलेली. कोलवाळचा पूल आला, गेला. धारगळला आल्यावर सूनबाई खिडकीतून बाहेर बघत विचारते, "आई, शाळेच्या छपराचं काम कधी संपेल?"

मी म्हटलं, "मुकादमाला विचार, मला काय माहीत?" माझा आवाज ओला झाला होता, म्हणून तुसड्यासारखं बोलावं लागलं हो.

घरी आलो तर हे खळ्यात, म्हणजे अंगणात, काजूच्या बिया निवडतायत. निवडतायत म्हणजे काय, चांगल्या किडक्यात टाकतायत आणि किडक्या चांगल्यात! "काय झालं" म्हणून विचारलं नाही. मान वर केली नाही. सुप्रिया आत गेली, तोंड धुतलं आणि सरळ सालीत जाऊन संजनाच्या शेजारी बसली. थोड्या वेळानं आतूनच हाक मारते, "बाबा, ह्याच्यात मराठीचा कीबोर्ड कुठून लावायचा? रविवारी मला सुट्टी असते, मी पोरांना टायपिंग शिकवीन. पण आधी मला तर यायला हवं."

हे दारात गेले. "वर... कोपऱ्यात बघ... तिथे..." म्हणाले, आणि "इन्व्हर्टर बघून येतो," म्हणून तडक मागच्या दारी गेले. वीज होती हो! पंखा गरगर फिरत होता! कसला इन्व्हर्टर बघतात? बराच वेळ आले नाहीत. मी पण नाही गेले बघायला. काजू निवडत बसले, पुन्हा पहिल्यापासून.

जूनमध्ये छप्पर झालं. विठ्ठलने शाळेत सगळं वायरिंग स्वतः करून दिलं, आणि त्याचा मुलगा तिथेच राहिला. गौरवी राहिली. संजनाचे आईबाप दुसऱ्या कामावर जायला निघाले होते, ते पोरीच्या शाळेसाठी पेडण्यातच काम शोधून थांबले. सहाच्या सहा कॉम्प्युटर टेम्पोत चढले. टेम्पो वळणावर गेला आणि मी साल झाडून काढली, सोफा पुसला, आणि बसले. पाय वर घेऊन! कोणाची परवानगी न घेता! इतकी शांतता, की भिंतीवरचं घड्याळ चालतं हे मला नव्यानं कळलं.

थोड्या वेळानं हे येऊन शेजारी बसले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि अगदी हळू, अगदी गोड आवाजात म्हणाले, "विमल, घर कसं रिकामं-रिकामं वाटतं, नाही?"

तुम्हाला सांगते, संसार केलाय मी ह्या माणसाशी. उठले, पदर खोचला, कोपऱ्यातली केरसुणी परत हातात घेतली आणि म्हटलं, "पुढचा टेम्पो किती वाजता येतोय, तेवढं सांगा."